ठेवून जावा

दानेश्वरीला शमशादचा हेवा वाटायचा आणि तिनं तो कधी लपवला नाही. आमच्या गल्लीत हेवेदावे काही कमी नव्हते. कुणाला कुणाच्या फ्लॅटचा, कुणाला कुणाच्या पोराच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा. पण ते सगळं पोटात, वरून चहा आणि हसू. दानेश्वरीचं तसं नव्हतं. कढईत उलथणं फिरवता फिरवता ती खिडकीतून समोर बघायची आणि सरळ म्हणायची, "झोपली बगा बाई. दार लावून झोपली. ऐन सीझनात दुपारची झोप लागती म्हंजे काय नशीब असंल."

यातली बाई म्हणजे मी. दानेश्वरीच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते आणि शाळेत शिकवत होते, म्हणून गल्लीत सगळ्यांचीच बाई होते. झोपलेली ती शमशाद.

राजारामपुरी म्हटलं की लोकांना दुकानं, दवाखाने आणि क्लासला निघालेली पोरं आठवतात. आमची गल्ली मागच्या अंगाला. तिथं समोरासमोर दोन डंक होते, मिरची कुटायचे. एक दानेश्वरीच्या नवऱ्याचा, राजशेखरचा. दुसरा मीरासाबचा, पण मीरासाब फौंड्रीत कामाला जायचा आणि डंक त्याची बायको शमशाद चालवायची. फेब्रुवारी सरला की कोल्हापुरात घरोघर वर्षाची चटणी करायची धांदल उडते. बाहेरगावचे लोक तिला मसाला म्हणतात. म्हणोत बापडे. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, खोबरं, तीळ, धणे भाजायचे, कांदा-लसूण तळायचा, आणि सगळं डंकावर कुटून बरणीत दडपून भरायचं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराला आपलंच प्रमाण खरं वाटतं. मेअखेरपर्यंत अख्खी गल्ली शिंकत असायची.

दानेश्वरी गडहिंग्लजची. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरी नुसती पिठाची गिरणी होती. डंक आला तो तिच्यामुळं, ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला. तिनं माहेरच्या रीतीनं केलेली चटणी एकदा शेजारणींनी खाल्ली आणि मग त्या आपापल्या मिरच्या घेऊन तिच्याकडं यायला लागल्या. चार-पाच बायका, त्यांच्या गप्पा, मधे कढई. विद्याश्री, तिची एकुलती एक मुलगी, शाळेतून आली की दप्तर टाकून आईच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि देठं काढायची. त्या दिवसांत दानेश्वरी मोठ्यानं हसायची. वर माझ्यापर्यंत ऐकू यायचं.

मग एका उन्हाळ्यात पुढच्या रस्त्यावरच्या एका डॉक्टरांच्या बायकोनं डबा आणून ठेवला आणि म्हणाली, "मला बसायला वेळ नाही हो. तुम्हीच भाजून, कुटून द्याल का?"

दानेश्वरी म्हणाली, "ठेवून जावा की."

तिथून सगळं सुरू झालं. एकीचा डबा ठेवला म्हटल्यावर दुसरीनं का बसावं? दोन वर्षांत बसणाऱ्या बायका संपल्या आणि ठेवून जाणाऱ्या उरल्या. लोक म्हणायचे, बिचारीला नाही म्हणता येत नाही. मला ते पटत नाही. तिला हो म्हणायला आवडायचं. कुणी दारात उभं राहून "तुमच्याशिवाय कोण करणार?" म्हटलं की तिच्या तोंडावर जो आनंद दिसायचा तो मी पुष्कळदा पाहिलाय. तो आनंद दार लोटेपर्यंत टिकायचा. दार लोटलं की मागं डबा उरायचा.

पॅसेजमध्ये डबेच डबे. पायऱ्यांवर डबे, देवघराच्या चौकटीशी डबे, मला माझ्या जिन्यावर चढताना साडी आवरून चढावं लागायचं. शिवाय सासू होती, शांतव्वा. तिला बिनतिखटाचं वेगळं लागायचं आणि सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय घरात कुणी मिरचीला हात लावलेला चालायचा नाही. गिरणीत पीठ दळायला येणारं माणूस वेगळंच. राजशेखर चांगला माणूस, पण पट्टा चढवायचा आणि मोटर चालू करायची म्हणजे धंदा, बाकीचं बायकांचं काम, अशी त्याची समजूत होती. ती समजूत कोल्हापुरात फार दुर्मिळ नाही.

एके दिवशी मी खाली गेले तर दानेश्वरी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी. एका हातात झारा, दुसऱ्या हातात सासूच्या औषधाची बाटली. गॅसवर खोबरं करपत होतं, कुकर शिट्ट्या मारत होता, गिरणीतून राजशेखर हाका मारत होता.

"बाई, मला तेवढं सांगा," ती म्हणाली, "आदी काय करू?"

"आधी गॅस बंद करा."

तिनं गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसून रडायला लागली. छातीत धडधडतंय म्हणाली. डोळ्यापुढं सगळे डबे एकदमच येत्यात, एक उचलावा तर बाकीचे ओरडल्यागत वाटतंय, म्हणाली. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात दारात कुणीतरी आलं आणि बाहेरूनच विचारलं, "ठेवू काय वहिनी?"

पदरानं डोळे पुसत दानेश्वरी म्हणाली, "ठेवून जावा."

मी तिला तिथंच दोन शब्द सुनावणार होते. पण माझाही एक डबा त्या ओळीत होता, म्हणून गप्प बसले.

उपाय झाले नाहीत असं नाही. धोंडुबाईला मदतीला ठेवलं. धोंडुबाई आली तशी दानेश्वरीनं आणखी डबे घेतले. राजशेखरनं दुसरं मोठं यंत्र आणलं, पावडरीसारखं बारीक दळणारं. आता लवकर उरकेल म्हणाला. लवकर उरकायला लागलं तसं पार कसबा बावड्यापर्यंतचं गिऱ्हाईक यायला लागलं. पहाटे लवकर उठून बघितलं, तर पहाटेच डबे यायला लागले. पुढं लोडशेडिंग सुरू झालं आणि वीज नसेल तेवढा वेळ दानेश्वरी नुसती खिडकीत उभी राहायची, समोर बघत.

समोर शमशादचं दार.

शमशादकडं डबा ठेवून जायची सोय नव्हती. जिची चटणी तिनं बसायचं. भाजायचं तिनं, चव बघायची तिनं, शमशाद फक्त डंक चालवणार. सकाळी एक घर, संध्याकाळी एक घर, मधे दार बंद. लसणाशिवायची चटणी फक्त सोमवारी, डंक धुऊन काढल्यावर. कुणी कितीही गळ घातली तरी ती म्हणायची, "आता न्हाय जमायचं. पुढल्या आठवड्यात या, बसून करू." सुरुवातीला सगळे म्हणाले, ही काय धंदा करते? पण बायका कुरकुरत जायच्या आणि हसत परत यायच्या. तिच्या अंगणात दोघी-तिघी गप्पा मारत बसलेल्या असायच्या. त्यांचं हसणं रस्ता ओलांडून या खिडकीत यायचं.

ते हसणं दानेश्वरीला सहन व्हायचं नाही. शमशादचं सगळंच तिच्या डोळ्यांत खुपायचं. तिचं संध्याकाळी केस विंचरून दारात बसणं. ईदला नव्या बांगड्या भरणं, आणि त्या बांगड्या महिनाभर न फुटणं. "माझ्या हातात काचंची बांगडी आठवडा टिकत न्हाय, आणि हिच्या बगा," ती म्हणायची. "राणी लागून गेली. दोन घरं करती आणि दमती."

एकदा न राहवून तिनं शमशादला तोंडावरच विचारलं, "तुला बरी गं दुपारी झोप लागती?"

शमशाद साधी बाई. ती म्हणाली, "मला दमा हाय की वहिनी. मिरचीच्या खाटानं जीव घाबरा हुतो. डाक्टर म्हणलेत, मधी इसावा घ्यायचा, न्हायतर डंक बंद करायचा."

दानेश्वरी परत आली ती पाय आपटतच. मला वाटलं, आता तरी हिच्या मनातला राग निवेल. ती म्हणाली, "बगा. तिला दमा तरी हाय. डाक्टरनी सांगितलंय म्हणून सांगता येतंय लोकास्नी. मला काय हाय? मला मेलीला काय सुदिक होत न्हाय."

दम्याचा हेवा करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

अठ्ठ्याण्णव साली चौगुलेकाकूंचं प्रकरण झालं. काकू जैन, त्यांच्या घरात कांदा-लसूण वर्ज्य. त्यांचा डबा वेगळ्या कोपऱ्यात ठेवला होता, पण त्या दिवशी एका लग्नघराची घाई होती, सासूला ताप होता आणि दानेश्वरीनं लसणाचा घाणा काढून त्याच डंकात, न धुता, काकूंची चटणी घातली. काकूंनी घरी जाऊन बरणीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. वर्षाची चटणी गेली. त्या भांडायला आल्या नाहीत, नुसतं येऊन म्हणाल्या, "दानेश्वरी, तू हे जाणूनबुजून करणार नाहीस, मला माहीत आहे." आणि पुढच्या सोमवारी शमशादकडं जाऊन बसल्या.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दानेश्वरी चार दिवस जेवली नाही. आणि त्याच चार दिवसांत तिनं आणखी डबे घेतले. आपण चुकलो असं कुणी म्हणू नये म्हणून आणखी काम ओढून घ्यायचं, हा तिचा हिशेब. तो चुकीचा आहे हे तिला कोण सांगणार? शांतव्वानं सांगून बघितलं. म्हातारी पलंगावरून म्हणाली, "दानव्वा, तू गावाच्या चटण्या करतीस, पण माझ्या ताटात काय वाढतीस ठावं हाय का तुला?"

म्हातारीचं खरं होतं. त्या घरात स्वतःची अशी चटणी कित्येक वर्षांत झाली नव्हती. प्रत्येक घाण्यानंतर डंकाच्या भांड्याला थोडंफार चिकटून राहतं. ते खरवडून एका बरणीत टाकायचं, तीच घरची चटणी. डॉक्टरीणबाईंचं खोबरं, शाहूपुरीच्या कुणा पाटलांचं तिखट, आणखी कुणाची लवंग. ब्याडगी, संकेश्वरी, सगळं एकात एक. कुणी त्याबद्दल तक्रार करत नव्हतं. जेवायला वेळ कुणाला होता?

विद्याश्रीचं लग्न दोन हजार एकला झालं. पेठ वडगावचं घर, कापडाचं दुकान, माणसं चांगली. आमच्याकडं मुलीच्या माहेराहून उन्हाळ्यात चटणीची बरणी जाते. साडी-चोळीचं कुणी एवढं बघत नाही. बरणीचं मात्र सासरच्या चार बायका झाकण काढून बघतात, चिमटीत घेऊन खातात आणि त्यावरून माहेर कसं आहे ते ठरवतात. दानेश्वरी सहा महिने आधीपासून म्हणत होती, विद्याची चटणी मी अशी करणार की वडगावात नाव निघावं. गडहिंग्लजहून भावाकडून संकेश्वरी मिरचीचं पोतं मागवलं. ते माळ्यावर ठेवलं. रोज म्हणायची, आज सगळ्यांचं उरकलं की उद्या विद्याचं. मेचा शेवटचा आठवडा आला, वळिवाचं आभाळ येऊ लागलं, आणि वडगावला जायचा दिवस उजाडला तेव्हा पोतं माळ्यावरच होतं.

तिनं घरची बरणी पुसून घेतली आणि तीच पाठवली.

विद्याच्या सासूबाईंनी चिमटीभर चटणी जिभेवर ठेवली, थोडा वेळ तोंडात घोळवली आणि म्हणाल्या, "ही कुणा एका घरची चटणी न्हवं. ही गल्लीची हाय." वाईट बोलायच्या हेतूनं बोलल्या नाहीत. त्यांच्या जिभेला कळलं ते सांगितलं. विद्यानं ते आईला सांगितलं नाही, पण जावयानं हसत हसत सांगून टाकलं. जावई असतातच तसे.

दानेश्वरी त्या दिवशी माझ्याकडं वर आली होती. एरवी ती जिना चढायची नाही, वेळच नसायचा. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "बाई, माझी एकच पोरगी. सगळ्या गावानं माझ्या हातचं खाल्लं आणि तिच्या घरात माझ्या हातची चटणी न्हाय. पुढच्या साली आदी तिची. मग बाकीचं जग."

पुढच्या साली माळ्यावरच्या मिरच्यांना बुरशी आली होती. नवं पोतं आलं. ते खालीच ठेवलं, डोळ्यासमोर राहावं म्हणून. दोन-तीन दिवसांत त्याच्यावर लोकांचे डबे चढले. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही तिनं वडगावला निरोप धाडला, जरा उशीर होतोय, पाठवते. विद्यानं उलट कळवलं, घाई नाही, सावकाश कर. तो निरोप ऐकून तिला बरं वाटायचं. पोरगी समजूतदार आहे म्हणायची. पोरगी एवढी समजूतदार का झाली, हा प्रश्न तिला पडला नाही.

दोन हजार चारच्या मेमध्ये विद्याच्या लेकराचं जावळ होतं. दानेश्वरीला जाणं भाग होतं. सकाळच्या एस्टीनं गेली, जाताना धोंडुबाईला चाळीस सूचना करून. पुढं वडगावला जे झालं ते तिनंच मला नंतर सांगितलं.

पंगत बसली. भाकरी, पिठलं, वांगं आणि ताटाच्या कडेला चटणी, वर कच्चं तेल. विहीणबाई स्वतः वाढत होत्या. दानेश्वरीच्या ताटापुढं थांबल्या आणि चारचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "औंदाची चटणी लई झाक पाठिवलीसा बगा. गेल्या सालापेक्षाबी सरस. आमच्या घरात आता दुसरी कुणाला चालत न्हाय."

दानेश्वरीनं गेल्या साली काही पाठवलं नव्हतं. औंदाही नाही.

तिनं विद्याकडं बघितलं. विद्या खाली मान घालून लेकराला भरवत होती. दानेश्वरीनं भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. चव अशी होती की तिला दुसरा घास घ्यावासा वाटला, आणि तोच तिचा संताप. असली चटणी आपल्या घरात होत नाही, हे तिला पहिल्या घासाला कळलं. दुसऱ्या घासाला आणखी एक कळलं. तिच्याकडं जुना डंक आता पडून होता आणि नवं यंत्र बारीक पावडर करायचं. ही चटणी जाडसर होती, दाताखाली तीळ यायचे. असं कुटणारा डंक तिच्या माहितीत एकच होता, आणि तो ती रोज खिडकीतून बघत होती.

ती पंगत उठेपर्यंत थांबली, बाळाच्या हातात आहेर दिला, सगळ्यांशी नीट बोलली. विद्याला कोपऱ्यात घेऊन काही विचारलं नाही. विद्या म्हणाली, "आई, ऱ्हा की आजची रात." तर म्हणाली, "डबं पडल्यात." आणि दुपारचीच एस्टी धरली.

त्या दिवशी मी शमशादकडं होते. माझा डबा दानेश्वरीच्या पॅसेजमध्ये महिनाभर पडून होता, शाळेला सुट्टी होती आणि ती गावाला गेलेली. म्हटलं, आज आपला डबा उचलावा आणि समोर जावं, तिला कळायच्या आत बरणी भरून होईल. शमशादनं मला कढईसमोर पाटावर बसवलं आणि उलथणं हातात दिलं. माझ्या मिरच्या डंकात पडत होत्या, मी खोबरं भाजत होते. म्हणजे खोबरं भाजत होतं आणि मी बघत होते.

दानेश्वरी आली ती थेट दारातून आत. खांद्याला पिशवी तशीच, अंगावर जावळाची इरकल. मला तिनं आधी पाहिलं नाही.

"कुणी सांगितलंतं तुला माझ्या पोरीची चटणी करायला?"

शमशादनं मोटर बंद केली. डंक दोन-चारदा आपटून थांबला.

"मी कशाला करू वहिनी? माझ्याकडं मी कुणाचीच करत न्हाय. ह्या बाई बसल्यात न्हवं, त्यांची त्या करत्यात."

तेव्हा दानेश्वरीची नजर माझ्याकडं वळली. मी कढईत बघितलं. ती परत शमशादकडं वळली.

"आमची विद्या आलती हितं?"

"आलती की. गेल्या साली आली, औंदा आली. मिरची वडगावच्या बाजारातनं घिऊन सकाळच्या एस्टीनं. बसली, भाजली, कुटून न्हेली. तुमच्या दारात डब्यांची ही गर्दी. तुमी वरबी बघितलं न्हाईसा."

"आणि तू मला कळीवलं न्हाईस."

"ती म्हणली, आईला सांगू नकोसा. तिच्या डोक्याला आदीच लई ताप हाय."

दानेश्वरीनं पिशवी खाली ठेवली. तिचा आवाज चढला. इतकी वर्षं खिडकीतून बोललेलं सगळं ती आता समोर बोलली. तुला काय, दोन घरं केली की झालं. तुझ्या अंगणात हसणं-खिदळणं, माझ्या घरात मी एकटी. माझं गिऱ्हाईक नेलंस ते नेलंस, चौगुलेकाकू नेल्यास, आज ह्या बाईबी आल्या. आता पोरगीबी तुझ्याचकडं. शमशाद ऐकून घेत होती. तिला मधेच खोकला आला, तो तिनं पदरात दाबला.

"आणि काय घातलंस तू त्यात?" दानेश्वरी म्हणाली. "तेवढं मला सांग. तसली चव माझ्या घरात कदी झाली न्हाय. तुझं काय घातलंस?"

"माझं? माझ्या घरच्या चटणीत खसखस असती, बडीशेप असती. तिनं त्यातलं काय घातलं न्हाय. मी दिऊ केलं तर नगं म्हणली. सारखं आपलं, आई असं करायची, आई तसं करायची. आदी तीळ, मग त्याच तेलात खोबरं. लसूण सालीसकट. मी इचारलं, सालीसकट कशाला? तर म्हणली, आमच्या गडहिंग्लजच्या आज्जीची रीत हाय, ल्हान असताना आईजवळ बसून बघितलीया. मला वाटलं, तुमी खाल्ल्या खाल्ल्या वळखशीला."

मी दानेश्वरीच्या चेहऱ्याकडं बघितलं. मला वाटलं होतं, आता ही रडेल, नाहीतर हसेल, निदान तिचा राग तरी जाईल. तसं काही झालं नाही. खिडकीतून बघताना तिच्या तोंडावर जो हेवा दिसायचा तोच आता होता, पण तो शमशादचा नव्हता. पोरीला शेजारी बसवून चटणी शिकवायला जिला सवड होती, त्या बाईचा तो हेवा होता. आणि ती बाई म्हणजे ती स्वतःच.

माझ्या कढईतून करपल्याचा वास यायला लागला. दानेश्वरी खाली बसली, माझ्या हातातून उलथणं घेतलं, जाळ कमी केला आणि खोबरं परतायला लागली. समोरून धोंडुबाईच्या हाका येत होत्या. दानेश्वरीच्या दारात कुणीतरी डबा घेऊन उभं होतं आणि वहिनी कुठं आहेत म्हणून विचारत होतं. तिला ऐकू जात होतं, पण तिनं मान वर केली नाही.

शमशादकडं न बघताच ती म्हणाली, "खोबरं किती घातलंतं तिनं?"

शमशादनं सांगितलं. मग तिनं धण्याचं विचारलं.